दोघींचा पाट

अंबूबाईला पाटावर शेवया वळता येत नव्हत्या. वीस वर्षांत त्यावाचून तिचं काही अडलंही नव्हतं, कारण शेवयांच्या पाटाला दोन बायका लागतात. एक उंच टोकाशी बसून पिठाचा गोळा तळहाताने घासत बारीक तार उतरवते. दुसरी खाली बसून ती तार न तोडता हातावर झेलते, लांबवते आणि काठीवर वाळत टाकते. वरची बाजू शेजारच्या सुरय्याची, खालची अंबूबाईची. निम्म्या शेवया अंबूबाईच्या सणावाराला, निम्म्या सुरय्याच्या ईदला. वडूजकडच्या त्या गावात कुणाला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं.

दुष्काळात सगळ्यांनीच रेशनवरची तांबडी मिलो ज्वारी खाल्ली, तेव्हा पाट माळ्यावर धूळ खात पडला होता. यंदा पंचाहत्तरच्या चैत्रात खपली गहू घरात आला आणि विजयमालासाठी कवठे महांकाळचं स्थळही आलं. मुलगा साखर कारखान्यात नोकरीला, निर्व्यसनी. मुलगी पसंत होती, फक्त सुपारी फुटायची राहिली होती. अंबूबाईचा नवरा पलटणीत, त्याला सुट्टी नाही. म्हणून बोलणी दीर नानासो सुभेदारांच्या हातात होती, आणि हे स्थळ हातचं जाऊ नये म्हणून अंबूबाईच्या जिवाला घोर लागला होता.

परसात दोघींचा पाट मांडलेला असतानाच पाहुणे न कळवता दारात आले. मुलाची आई शालूबाई आणि चुलते भाऊसो. अंबूबाई हात धुऊन सोप्यात धावली. चहा झाला. आतल्या काठ्यांवर वाळत टाकलेल्या शेवया भाऊसोंना दिसल्या, आणि नानासोंना बोलायला विषय मिळाला.

"भाऊसो, ह्या शेवया मी इटलीत बघितल्यात. लढाईत. गोऱ्या बाया अशाच दारात काठ्यांवर वाळत घालत्यात."

"म्हंजे गोऱ्यांनी काढल्या म्हणा की."

"आमच्या पलटणीतला एक जण म्हणायचा, चिन्यांनी काढल्या. त्याच्यावरनं मारामारी व्हायची येळ आलती."

"ते सगळं ऱ्हाऊ द्या," भाऊसो मांडी ठोकून म्हणाले. "मुसलमानांच्या हायत त्या. बादशाच्या फौजंबरुबर आल्या. न्हाईतर ईदला त्याच कशाला लागत्यात?"

दोघांनी जन्मात कधी एक तार झेलली नव्हती, आणि निवाडा मात्र असा देत होते, जणू वतनाचा कागदच खिशात आहे. अंबूबाईला हसू येणार, एवढ्यात शालूबाई बोलली.

"कुणाच्या का असंनात. आमच्यात रुखवतातल्या शेवयांची खीर आधी देवाला दावत्यात. म्हणून इचारते, ह्या कुणाच्या हातच्या?"

परसाचं दार उघडं होतं. पलीकडं पाटापाशी सुरय्या बसली होती, तिला सगळं ऐकू जात होतं. अंबूबाईला खरं सांगता आलं असतं. पण तिला समोर विजयमालाची सुपारी दिसत होती.

"माज्याच हातच्या," ती म्हणाली. "दुसऱ्या कुणाचा हात लागला न्हाई."

"बघू तर," म्हणत शालूबाई उठलीच. अंबूबाई तिच्या मागोमाग धावली. पण परसात कुणी नव्हतं. सुरय्याच्या घराकडचं कुडाचं फाटक ओढून घेतलेलं होतं. उन्हाने वाळू नये म्हणून पीठ तेवढं ओल्या फडक्यानं नीट झाकून ठेवलेलं होतं. ते बघून अंबूबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बसा की. एक तार काढून दावा."

अंबूबाई वीस वर्षांत पहिल्यांदा वरच्या बाजूला बसली. तार वीतभर उतरली आणि तुटली. दुसरी तुटली. तिसरीचा तर गोळाच झाला. शालूबाईच्या कपाळाला आठी पडली.

"आई सकाळधरनं दमलीया," विजयमाला पुढे होत म्हणाली आणि तिनं पाट धरला. तिच्या तळहाताखालून तार सरसर उतरू लागली, सुरय्याच्या तारेसारखीच बारीक. दहा वर्षांची असल्यापासून ती सुरय्याच्या मांडीला मांडी लावून शिकली होती.

"लय ब्येस," शालूबाई खुलली. "कुणी शिकवलं गं?"

विजयमालानं एकदा कुडाच्या फाटकाकडं बघितलं. मग मान खाली घातली.

"आईनं."

तिन्हीसांजेच्या आत सुपारी फुटली. पाहुणे गेल्यावर अंबूबाई शेजारी गेली. सुरय्या तांदूळ निवडत होती.

"जमलं?" तिनं वर न बघता विचारलं.

"जमलं."

"चांगलं झालं."

"सुरय्या, मी लय वंगाळ बोलले."

"पोरीच्या आईला बोलावं लागतं. मलाबी परवीन हाय." सुरय्यानं एक खडा काढून बाजूला टाकला. "पीठ निम्मं ऱ्हायलंय. सकाळी येते."

अंबूबाईच्या छातीवरचा धोंडा उतरला. येडीच ती, एवढ्यावर सगळं मिटलं असं तिला वाटलं.

सकाळी सुरय्या आली, पाटाच्या वरच्या बाजूला बसली आणि तार उतरवू लागली. हात तोच होता. एरवी दोघींची तोंडं हातापेक्षा जास्त चालायची, आज सुरय्या विचारलं तेवढंच बोलत होती. पाच-सहा काठ्या भरल्या असतील, तोच सोप्यातून शेजारच्या आकारामची हाक आली.

"वैनी, हायसा का घरात?"

सुरय्यानं गोळा खाली ठेवला. हात पुसले, पदर सारखा केला, आणि उठून धान्याच्या खोलीत दाराआड जाऊन उभी राहिली. तिला कुणी जा म्हटलं नव्हतं. ज्या घरात तिनं विजयमालाच्या जन्माच्या वेळी तीन रात्री जागून काढल्या होत्या, त्या घरात ती चोरासारखी भिंतीला टेकली होती.

अर्धी तार अंबूबाईच्या हातावर लोंबत होती. ओरडून सांगावं असं तिला वाटलं, अगं बस, उठू नकोस. शब्द ओठांपर्यंत आलेही. पण आकाराम परसाच्या दारापर्यंत येऊन पोचला होता, आणि त्याचा मेहुणा कवठे महांकाळला राहत होता.

खोलीकडं न बघता ती म्हणाली, "हाय की, भावजी. एकलीच हाय. काय पायजे व्हतं?"