बैलाच्या पाठीवरचा पंचा

मी पंचा बोलतोय. खांद्यावर टाकायचा, घाम पुसायचा, ऊन वाढलं की डोक्याला गुंडाळायचा. पण माझी ओळख कोणी एवढ्यावर संपवली तर मला राग येतो. मी अफमदोच्या गुरांच्या बाजारातला पंचा आहे. सोमालियाचा अर्धा व्यापार माझ्याखाली होतो, असं मी मानत आलो. कोणी विचारलं नाही, तरी मानत आलो.

कुठल्या गिरणीत विणला गेलो ते ठाऊक नाही. साखरेच्या ट्रकमधून इथे आलो. दलाल दिरियेने मला विकत घेतलं तेव्हा भाव पाडायला माझ्यात दोन भोकं दाखवली. ती नव्हती.

आमच्याकडे जनावराचा भाव तोंडाने सांगत नाहीत. पंच्याखाली हात मिळवायचे आणि बोटं दाबायची. एक बोट म्हणजे एक, दहा की शंभर, ते सौद्यावरून समजून घ्यायचं. बघणाऱ्यांना काही कळत नाही. मला सगळं कळतं. सरकारं आली, पडली. बंदुका या हातातून त्या हातात गेल्या. गुरं मात्र सीमा ओलांडून केनियात जात राहिली आणि तिकडून पीठ, साखर, औषधं येत राहिली. एकदा शहरातले एक साहेब शामसोच्या चहाच्या टपरीवर म्हणाले, "हा देश शांत राहिला तर शेजारचे देशही सुखाने जेवतील." मी दिरियेच्या खांद्यावर जरा ताठ झालो. इस्त्री नसताना ताठ होणं सोपं नसतं. तेवढ्यात दिरियेने माझ्यात नाक शिंकरलं.

मग बुलहान आणि रोबले या दोन म्हाताऱ्या गुरेवाल्यांच्या घरांत विहिरीवर भांडण झालं. बुलहानच्या पुतण्याने रोबलेच्या धाकट्या भावाला मारून टाकलं. रोबलेने शपथ घेतली, बुलहानशी बोलणार नाही, त्याचं तोंड बघणार नाही. सीमेची वाट रोबलेच्या रानातून जाते. त्याचा मुलगा गुलेद बंदूक घेऊन तिथे बसला. बुलहानच्या घरचा जो पहिला दिसेल तो पडणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्या वाटेला कोणी जाईना, गुरं थांबली. ट्रक थांबले. शामसोकडची साखर संपली.

"दलाल म्हणवतोस," ती दिरियेला म्हणाली, "दोन म्हातारे एका जागी आणता येत नाहीत?"

"अगं, त्यांच्यापेक्षा उंट ऐकतात."

"मग पी फिका चहा."

पुढच्या बाजाराला दिरियेने एक मरतुकडा बैल मधोमध उभा केला आणि दोघांना बोलावून घेतलं. बैलाच्या एका अंगाला रोबले, दुसऱ्या अंगाला बुलहान. दोघंही माना वळवून उभे.

"शपथ जिभेची आणि डोळ्यांची," दिरिये म्हणाला. "हाताची घेतली होती का, काका?"

रोबले बाजूला थुंकला. मग म्हणाला, "तू हरामखोर आहेस."

"दलाल आहे. हात पुढे करा."

बैलाच्या पाठीवर दोघांचे हात आणि हातांवर मी. माणूस मारला तर आमच्याकडे शंभर उंट द्यायचे. बुलहानने रोबलेचं एक बोट दाबलं. शंभर. रोबलेचा हात मेल्यासारखा पडून. बुलहान आणखी दहांनी चढला. मग विसांनी. हात हलला नाही. मला घाम फुटला, म्हणजे त्यांचा मला लागला. पलीकडे बापामागोमाग आलेला गुलेद उभा होता, बंदूक खांद्याला. हे हात सुटले तर काय होईल ते मला कळत होतं. पण पंच्याला स्वतःची गाठ मारता येत नाही.

मग बुलहानने मोजणं सोडलं. तो हात त्याने नुसता धरला आणि आजारी वासराच्या मानेवरून फिरवावा तसा त्यावरून अंगठा फिरवत राहिला. हा कुठला आकडा, मला कळेना. एवढे सौदे बघितलेला मी, तिथे अडाणी ठरलो. रोबलेला मात्र कळलं असावं. त्याची बोटं वळली. त्याने एकच बोट दाबलं. शंभर. वर एकही नको.

"गुलेद," रोबलेने हाक मारली, "यांच्या गुरांच्या पुढे चाल. सीमेपर्यंत."

"आणि मेलेल्या काकाचं काय?"

"मिटलं."

"असं कसं मिटलं, आबा?"

"वाटेत कोणी यांच्यावर हात टाकला, तर आधी तुझ्यावर पडला पाहिजे. नीघ."

गुलेद बापाकडे बघत राहिला. मग बंदुकीची नळी जमिनीकडे करून गुरांपुढे चालू लागला.

सौद्याची खूण म्हणून दिरियेने मला मधोमध फाडलं आणि एकेक तुकडा दोघांच्या खांद्यावर टाकला. मला कोणी विचारलं नाही. आज माझा एक अर्धा रोबलेच्या चुलीवरचं पातेलं उतरवतो, दुसरा बुलहानच्या पाठीवर फडकं होऊन मिरवतो. दिरियेने नवा पंचा घेतला आहे, लाल, महागाचा. त्याला वाटतं, व्यापार त्याच्यामुळे चालतो. वाटू दे.

परवा रोबले आणि बुलहान टपरीवर एका गाईवरून भांडत होते. समोरासमोर बसून, मोठ्याने, अख्ख्या बाजाराला भाव ऐकवत. दिरिये डोकं धरून बसला होता. शामसो म्हणाली, "ते दोन तुकडे आणा, शिवून देते. निदान हात झाकून भांडा."

बाई, एवढं करू नकोस. मला फाटकाच राहू दे. त्यांना उघड्यावर भांडू दे.