छोटी लिंक

“ज्ञानदेवभाऊ, माझ्या पोराच्या नावाखाली ही उघडी बाई कशापायी बसवलीया?”

तानुबाईंचा आवाज स्पीकरमधून सगळ्या खोलीत पसरला. ज्ञानदेव चहाचा कप तसाच धरून उभे राहिले.

“कुठली बाई, तानुबाई? काय झालं?”

“आज प्रज्वलचं वर्षश्राद्ध. भाच्यानं तुमची ती लिंक उघडली. म्हनला, तुमी पोराबद्दल काय लिवलंय ते सगळ्यांना वाचून दावतो. तर एक बाई पत्ते पिसतीया अन् म्हनतीया, खेळा, जिंका. पाव्हणे हसले ओ. आजच्या दिवशी हसले.”

फोन बंद झाला. दाराशी चप्पल घालणारी मिनल थबकली. खाली हिंजवडीची कॅब हॉर्न देत होती. तिनं वडिलांच्या हातून फोन घेतला, लिंक दाबली. पत्त्यांचा जुगार उघडला आणि तिला सगळं एकदम समजलं.

ज्ञानदेवांनी तेहतीस वर्षं पिंपरीच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये काढली होती. निवृत्तीनंतर, रविवारी विहारातून आले की, संत तुकाराम नगरातल्या त्यांच्या दोन खोल्यांत बसून ते ब्लॉगवर एक नोंद लिहीत. भोसरीपासून चाकणपर्यंत कामावर मेलेल्या एकेका माणसाची. नाव, गाव, वय, कुठल्या मशीनवर होता, डब्यात काय आणायचा. कंत्राटी पोरं गेली की त्यांचा गेटपास फाटतो आणि नाव संपतं, असं ते म्हणत. लिहिलेली नोंद आपोआप फेसबुकवर जाई. ती सोय देणाऱ्या कंपनीतच मिनल प्रोग्रामर होती.

अडचण एकच होती. मराठी शीर्षकाच्या पानाचा पत्ता तिथं पोचेपर्यंत टक्क्याच्या खुणा आणि इंग्रजी अक्षरांचं तीन ओळींचं जंजाळ होऊन बसे. “मेलेल्या माणसाच्या नावाखाली हा कचरा बरा दिसत नाही, बाळा,” ते एकदा म्हणाले होते. म्हणून तीन वर्षांपूर्वी मिनलनं ऑफिसात लिंक छोटी करायचा पर्याय सुचवला आणि स्वतःच तयार केला. कंपनीनं त्यासाठी चार अक्षरांचं एक डोमेन, म्हणजे इंटरनेटवरचं नाव, विकत घेतलं. छोटी लिंक आधी तिथं जाई आणि तिथून मूळ पानावर. वडिलांच्या खात्यात तो पर्याय मिनलनंच चालू करून दिला. पहिली पोस्ट पाहून ज्ञानदेव म्हणाले होते, “आता कसं सुटसुटीत.”

धोका तिला तेव्हाच दिसला होता. डोमेन दरवर्षी पैसे भरून चालू ठेवावं लागतं. नाही ठेवलं, तर दुसरा कुणीही ते उचलतो, आणि जुन्या सगळ्या लिंका त्याच्या दारात जाऊन उभ्या राहतात. तिनं ऑफिसात तसं लिहूनही दिलं होतं. मग दुसरं काम आलं.

“अगं, ते फीचर आपण मार्चमध्येच बंद केलं,” ऑफिसात पोचताच तिनं विचारलं तेव्हा तिचा टीम लीड सलिल म्हणाला. “नव्वद खाती वापरत होती फक्त.”

“आणि जुन्या लिंका?”

“डोमेन रिन्यू नाही केलं. मेल गेला होता ना सगळ्यांना. तू पण पाहिलास.”

तिनं मेल शोधला. दोन मीटिंगांच्या मधल्या कुठल्यातरी मिनिटात तिनं त्याखाली ‘ठीक आहे’चा अंगठा दाबला होता.

त्या दिवशी तिनं दुसरं काही केलं नाही. वडिलांच्या पेजवरच्या एकशे अठरा पोस्ट एकेक करून उघडल्या, छोटी लिंक काढली, मूळ पत्ता घातला. पण व्हॉट्सअॅपवर पुढं गेलेल्या लिंका तिच्या हातात नव्हत्या. कुणाच्या बायकोच्या, कुणाच्या भावाच्या फोनमध्ये त्या तशाच पडून होत्या. दाबलं की पत्ते पिसणारी बाई.

रविवारी बापलेक रहाटणीला गेले. तानुबाई पत्र्याच्या खोलीत एकट्याच होत्या. त्यांनी पाणी दिलं.

“चूक माझी आहे,” ज्ञानदेव म्हणाले. “मी बघायला पाहिजे होतं.”

“पप्पांना यातलं काही माहीत नव्हतं, मावशी,” मिनल म्हणाली. “ती छोटी लिंक मी बनवली होती.”

तानुबाईंनी तिच्याकडं पाहिलं. “आसं हुईल, हे तुला ठावं नव्हतं?”

नाही म्हणणं सोपं होतं.

“ठाऊक होतं,” मिनल म्हणाली. “मी विसरले.”

ज्ञानदेवांनी मान खाली घातली. तानुबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग शांतपणे म्हणाल्या, “भाऊ, माझ्या पोराला त्यातनं काडा.”

“आता नीट केलंय सगळं, मावशी. मूळ पानाला तर काहीच—”

“व्हय गं. पर लोकं हसली ती हसली. आता त्याचं नाव निघालं की तीच बाई आठवंल त्यांना. काडून टाका.”

मिनलनं फोन पुढं केला. “द्या, मी काढते.”

“नको,” ज्ञानदेव म्हणाले. “लिहिलं मी आहे.”

त्यांनी चष्मा लावला, प्रज्वलची नोंद उघडली आणि उभं राहून मोठ्यानं वाचायला लागले. शोकसभेत वाचावं तसं. प्रज्वल, राहणार रहाटणी. चाकणला प्रेसशॉपमध्ये कंत्राटी हेल्पर. क्रेनचा पट्टा तुटून लोखंडी साचा अंगावर पडला. डब्यात शेंगदाण्याची चटणी असली की आधी दुसऱ्यांना वाटायचा. वय सत्तावीस.

“सव्वीस,” तानुबाई म्हणाल्या. “सत्तावीस पुरी व्हायला म्हैना हुता.”

ज्ञानदेव थांबले. खाली बसले. त्यांनी सात खोडून सहा केलं. ‘जतन करा’ दाबलं. पान पुन्हा नीट उघडलं, आकडा बदलल्याची खात्री केली आणि फोन तानुबाईंसमोर धरला. त्यांना वाचता येत नव्हतं, तरी त्यांनी पाहिलं आणि मान हलवली.

मग ज्ञानदेवांनी नोंद काढून टाकली.