ओहोटीवर भरवसा

आमच्या बेटावर येणाऱ्यांना इथली शांतता फार आवडते. आवडणारच, साडेचारच्या बोटीने त्यांना परत जायचं असतं. माझा थोरला थॅडियस नऊ वर्षांनी आला तोही त्यांच्यातच बसून, आणि त्याच बोटीने सव्हाना शहरात परतणार होता. त्याआधी मला त्याच्यापुढे माझी चूक कबूल करायची होती.

नऊ वर्षांपूर्वी त्याचे वडील शेवटच्या घटका मोजत होते तेव्हा सकाळी सातला मी त्याला फोन केला. तो म्हणाला, "साडेआठची बोट धरतो." मी म्हटलं, "धावपळ करू नकोस. पाणी आत्ता कुठे चढायला लागलंय, ओहोटी एकला लागेल. दुपारच्या बोटीने ये." आमच्याकडे माणूस ओहोटीबरोबर जातो. माझा बाप तसाच गेला, सासूही. पण आमचे हे जन्मभर उलटेच वागले. भर भरतीत, अकरा वाजता गेले.

पोरगा बाराला पोचला. अंत्यविधीला चर्चमध्ये नणंद ओडेसा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "तासाभरावर राहतो, पण बापापेक्षा झोप प्यारी." मी शेजारीच उभी होते. तोंडातून अवाक्षर काढलं नाही. त्यानंतर तो आलाच नाही.

आज सकाळपासून माझा पाय एका जागी ठरत नव्हता. अंगणातली वाळू दोनदा झाडली. कोळंबी जास्त तळली गेली, तांबडा भात बुडाला लागला. थॅडियस मुकाट्याने खरवड खात होता, तेवढ्यात ओडेसा येऊन ओसरीवर बसली.

"या वेळी वेळेवर आलास हो बाबा."

"तुझ्या धाकाने, आत्या," तो म्हणाला.

मी आत जाऊन उगाच भांडी आपटली. बोलायचं ते तिच्यासमोरच बोलायला हवं होतं, पण धीर झाला नाही. चार वाजले.

धक्क्यावर पाहुणे शिंपले भरलेल्या पिशव्या घेऊन रांगेत उभे होते. मी थॅडियसची बाही धरली.

"त्या दिवशी सकाळची बोट मीच तुला सोडायला लावली. आणि लोक तुला बोलले तेव्हा मी गप्प बसले. मला माफ कर."

त्याने समोरच्या किनाऱ्याकडे बोट केलं.

"आई, मी आदल्या संध्याकाळीच पलीकडच्या धक्क्यावर आलो होतो. रात्रभर गाडीत बसून होतो. त्यांना जाताना बघायची हिंमत नव्हती. तू नको म्हणालीस आणि मला सुटल्यासारखं वाटलं. भरती-ओहोटीवर माझा कधी विश्वासच नव्हता."

"मग इतकी वर्षं आला का नाहीस?"

"आत्या बोलली तेव्हा तू माझी बाजू घेतली नाहीस. मला वाटलं, मी घाबरून थांबलो हे तुला कळलंय."

बोटवाला दोर सोडायला लागला होता. मी हात वर करून त्याला थांब म्हटलं. तो थांबला, सगळे पाहुणे माझ्याकडे बघायला लागले, पण दुसऱ्या हातातली थॅडियसची बाही मी सोडली नाही.