लिंबावरून मारलेली हाक

मित्रांनो, जरा मान वर करा. मैदानाच्या कडेला कडुलिंबाचे मोठे झाड आहे ना, त्याच्या जाड फांदीला तारेने बांधलेला जो करडा भोंगा दिसतो, तो मी. तुम्ही म्हणाल, सगळे मैदान एकीकडे आणि हा तोंड फिरवून दुसरीकडेच बघत बसलाय, रुसलाय की काय? थोडासा रुसलो होतो, खोटे कशाला बोलू? पण मी तिकडे बघत होतो म्हणून काय घडले, ते ऐका.

माझा जन्म नांदेडच्या एका लहानशा कारखान्यात झाला. पत्रा वळवला, ठोकला, रंग दिला आणि आत आवाजाचे यंत्र बसवले. पहिल्यांदा माझ्यातून "हॅलो, हॅलो" असा आवाज निघाला तेव्हा समोरच्या टपरीवरची माणसे दचकली होती. मला त्याचा फार अभिमान वाटला. आम्हा भोंग्यांना अंगापेक्षा तोंडच मोठे, त्यामुळे आवाजाचा तोरा असायचाच. मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवा. मला स्वतःचे काही बोलता येत नाही. माईकवर माणूस जे बोलेल तेच मी बोलतो. मला दिसते सगळे, पण सांगता काहीच येत नाही. हे दुःख किती मोठे असते, ते मला या मे महिन्यात कळले.

नांदेडहून लातूरकडे जाताना माळावर आमचे विद्यापीठ लागते. दर उन्हाळ्यात ते गावोगावच्या लोकांसाठी मेळा भरवते. वर्षभर ज्या फाटकातून फक्त विद्यार्थी येतात, त्यातून मग सगळे येतात. अर्धापूरकडचे केळीवाले शेतकरी डाग पडलेली पाने पिशवीत घालून आणतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. मुले मातीची भांडी करतात, बाया साप ओळखायला शिकतात आणि शिकता शिकता किंचाळतातही. हा सगळा गोतावळा अनेक वर्षे माझ्याच आवाजावर चालला. "भोंगा बोलला" म्हटले की लोक उठायचे.

मग मेळ्यात काळ्या रंगाचे भाड्याचे मोठे स्पीकर आले. त्यांच्या आवाजाने छाती हलायची. माझी तार काढून फांदीला गुंडाळून ठेवली गेली. पुढे एका वानराने माझ्यावर उडी मारली, बांधणी सैल झाली आणि माझे तोंड मैदानाकडून शेततळ्याकडे फिरले. ते सरळ करायला कुणी शिडी लावली नाही. माझ्यात चिमण्यांनी काड्या भरल्या. मेळा माझ्या पाठीमागे भरायचा आणि मी आपला तळ्याकडे बघत बसायचो.

हे तळे शेती विभागाचे आहे. त्यात काळा प्लास्टिकचा कागद अंथरलेला आहे. वरून ते साधेच दिसते, पण त्याचा उतार फार गुळगुळीत आहे. मागे एक कुत्रे पाणी प्यायला उतरले आणि आत घसरले. पोहता येत असूनही त्याला वर चढता येईना. नखे मारत राहिले बिचारे. शेवटी गड्यांनी दोर टाकून त्याला काढले. तेव्हापासून तळ्याभोवती जाळी लावली होती. या वर्षी मेळ्याच्या झाडांना पाणी द्यायचे म्हणून जाळीचा एक कोपरा उचलून त्यातून पाइप नेला होता. तो कोपरा नंतर कुणीच खाली केला नाही. मी रोज तिकडे बघायचो आणि चडफडायचो.

मेळ्यात त्या दिवशी शून्य सावलीचा कार्यक्रम होता. भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या लुंबिनी मॅडमनी तो ठेवला होता. वर्षातून दोन दिवस भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि सरळ उभ्या वस्तूची सावली तिच्या पायाखालीच लपते. मैदानात पांढरे कागद अंथरून त्यांवर पेले, बाटल्या, मुसळ, जे सापडेल ते उभे केले होते. लोक घाम पुसत खाली वाकून बघत होते.

माझ्या झाडाशेजारी शिवप्पा नावाचे आजोबा उभे होते. उदगीरला त्यांचे कापडाचे दुकान आहे. सून अक्षरा इकडे शाळेत शिक्षिका आहे, म्हणून ते महिनाभर राहायला आले होते. त्यांचे बोट धरून चार वर्षांची नात उभी होती. पिवळा झगा, पायात लाल चपला. अक्षरा उसाच्या रसाच्या रांगेत उभी होती.

"गेली! गेली!" असा एकच गलका उठला. पेल्याची सावली नाहीशी झाली होती. पोरीने आपल्या पायांकडे बघितले आणि तिचा चेहरा एकदम पडला.

"अज्जा, माझी सावली कुठं गेली?"

शिवप्पा मुळातच थट्टेखोर. मुसळावरची नजर न काढता ते म्हणाले, "तहान लागली तिला. तळ्यावर पाणी प्यायला गेली. येतीया माघारी."

आसपासचे लोक हसले. मलाही मौज वाटली. मग शिवप्पांनी मोबाइलवर फोटो काढायला बोट सोडले. शेकडो माणसे मान खाली घालून जमिनीकडे बघत होती, आणि त्या पोरीकडे एकाचेही लक्ष नव्हते.

माझ्या खालून पिवळा झगा गेला. पाठीमागून येऊन तो माझ्या समोर निघाला, नीलगिरीच्या रांगेपलीकडे, थेट तळ्याच्या वाटेला. मित्रांनो, तेव्हा मला ओरडता आले असते तर मी माझा पत्रा फाटेपर्यंत ओरडलो असतो.

थोड्या वेळाने अक्षरा रसाचे पेले घेऊन आली आणि म्हणाली, "मामंजी, पोरगी कुठंय?"

"तुझ्यापाशी न्हाई व्हय?" शिवप्पांनी विचारले.

 अक्षराच्या हातातले पेले खाली पडले. ती माईककडे धावली. लुंबिनी मॅडमनी विचारले, "मुलीचं नाव काय?"

"शरणम्मा. शरणम्मा राजशेखर," अक्षराने सांगितले. चारचौघांत विचारले की माणूस कागदावरचेच नाव सांगतो. मोठ्या स्पीकरवर ते नाव दोनदा घुमले, आणि तिसऱ्यांदा घुमायच्या आधी लाईट गेली. ते दणदणीत स्पीकर मुके झाले. मांडवातले पंखे थांबले आणि लोकांची कुजबुज वाढली.

कुणी फाटकाकडे पळाले, कुणी गाड्यांच्या खाली बघितले. तळे नीलगिरीच्या आड, त्यामुळे तिकडे कुणाचे मन गेलेच नाही. आणि उंचावरून मी एकटा बघत होतो. पोरगी जाळीच्या उचललेल्या कोपऱ्याशी पोचली होती.

"भोंग्याचं जुनं मशीन हाय की कोठीत, बॅटरीवर चालतंय!" व्यंकट वायरमन ओरडला. त्याने ट्रॅक्टरची बॅटरी काढून आणली. फांदीला गुंडाळलेली माझी तार सोडली आणि घाईघाईने त्या मशीनला जोडली. माझ्या नरड्यात खरखर झाली. काड्या उडाल्या. किती काळाने माझ्यात जीव आला होता!

"शरणम्मा! शरणम्मा, कुठे असशील तिथून लिंबाच्या झाडाकडे ये!" लुंबिनी मॅडमचा आवाज माझ्यातून सुटला आणि सरळ तळ्यावर गेला. माझे तोंड तिकडेच होते ना! मला वाटले, झाले, आता ही वळणार.

पण ती वळली नाही. तिने जाळीखालून डोके आत घातले.

पुन्हा हाक गेली. पुन्हा गेली. पोरगी आत शिरून काठावर उभी राहिली. दुसऱ्याच कुणाला बोलावत असावेत, अशी ती वागत होती. मला काही कळेना. स्वतःचे नाव ऐकून कुणी असे गप्प कसे राहील?

इकडे शिवप्पा माझ्या झाडाखाली मटकन बसले होते. त्यांचे ओठ कोरडे पडले होते. "अरे, आजोबांना पाणी द्या," मॅडम म्हणाल्या.

पाणी हा शब्द कानावर पडताच म्हातारा ताडकन उठला. "तळं!" तो ओरडला. "अक्षरा, पळ! म्याच म्हणलो तिला, सावली तळ्यावर गेली म्हणून!"

अक्षरा अनवाणीच पळत सुटली. मागे व्यंकट पळाला. पण तळे लांब होते, आणि पोरीचा एक पाय काळ्या कागदावर होता. शिवप्पांना पळवेना. त्यांनी मॅडमच्या हातातला माईक ओढून घेतला.

"अव्वा! ए अव्वा!"

पोरीने झटकन मान वळवली. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. शिवप्पांच्या भागात आईला अव्वा म्हणतात. पोरीला त्यांनी आपल्या मेलेल्या आईचे नाव ठेवले आणि मग आईला नावाने कसे बोलवायचे म्हणून आख्ख्या घराने तिला अव्वाच म्हटले. शरणम्मा कोण, हे त्या लेकराला ठाऊकच नव्हते.

"अव्वा, म्या अज्जा बोलतोय. हाय तिथंच थांब! तुझी सावली तिथं न्हाई गं. ती पाणी पिऊन माघारी आली. हितं माझ्यापाशी तुला हुडकतीया."

पोरगी माझ्याकडे टक लावून बघत होती. पण कागदावरचा पाय तिने उचलला नाही. लाल चप्पल त्या पायातून निसटली आणि घसरत घसरत पाण्यात गेली. ती चप्पल घ्यायला वाकली.

शिवप्पांना यातले काहीच दिसत नव्हते. मधे नीलगिरीची झाडे होती. आपला आवाज पोचतोय की नाही, हेही त्यांना कळत नव्हते. ते बोलायचे थांबले. बोला, शिवप्पा, बोला, मी मनात आकांत करत होतो, थांबू नका, ती वाकतेय!

मग त्यांचा आवाज आला, पण तो ओरडण्याचा नव्हता. रोज दुपारी ताटावर बसताना ते नातीला बोलवत असतील, तसा होता. "अव्वा, चल, जेवू. तू न्हाई जेवली तर म्या बी न्हाई जेवत. भूक लागली मला, अव्वा."

पोरगी सरळ उभी राहिली. "आले अज्जा!" ती ओरडली आणि तिने पाय मागे घेतला. ती जाळीकडे वळते न वळते तोच अक्षराने तिला घट्ट कवटाळले. व्यंकट तिथेच जमिनीवर बसला. शिवप्पा मात्र अजून बोलतच होते. "अव्वा, ये गं, अव्वा..." लुंबिनी मॅडमनी त्यांच्या हातातून माईक हळूच काढून घेतला, कारण नीलगिरीतून पिवळा झगा येताना दिसला होता.

शिवप्पांनी नातीला कुशीत घेतले आणि ते सगळ्यांदेखत हुंदके देऊन रडले. "माझ्या जिभेला हाड न्हाई," असे म्हणून त्यांनी स्वतःच्या तोंडात मारून घेतले. पोरगी त्यांच्या कुशीतून घसरून खाली उतरली. तिला वेगळेच काम होते. सूर्य एव्हाना थोडा कलला होता आणि तिच्या अनवाणी पायाशी बोटभर सावली उगवली होती.

"अज्जा, खरंच आली की!"

लुंबिनी मॅडमनी विचारले, "आजोबा, हिला स्वतःचं नाव माहीत नाही?"

"नाव माझ्या आईचं हाय मॅडम. ते तोंडातून कसं काढायचं?"

मॅडम हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "आता ते हिचंही आहे. तुम्ही दिलंत ना हिला? मग पुरतं देऊन टाका."

 शिवप्पा नातीपुढे उकिडवे बसले आणि त्यांनी हात जोडले. ते आईची माफी मागत होते की नातीची, मला कळले नाही. अगदी हळू आवाजात ते म्हणाले, "शरणम्मा. तुझं नाव शरणम्मा हाय."

मेळ्याच्या शेवटच्या दिवशी त्याच पोरीला माईकपुढे उभे केले. लाईट होती, मोठे स्पीकरही होते, तरी व्यंकटने माझी तार जोडली. "माझं नाव शरणम्मा राजशेखर," ती माझ्यातून ठणठणीत बोलली. "घरी मला अव्वा म्हणत्यात." शिवप्पा पहिल्या रांगेत बसून डोळे पुसत होते. तोवर जाळीचा कोपरा तारेने पक्का बांधला गेला होता, आणि तळ्यात टायरांची माळ करून दोर सोडला होता.

मग व्यंकट शिडी लावून माझे तोंड मैदानाकडे फिरवायला चढला. लुंबिनी मॅडमनी त्याला खालूनच अडवले.

मित्रांनो, तुम्ही एकमेकांना लाडाने काहीही म्हणा, पण घरातल्या लहानग्यांना त्यांचे खरे नावही शिकवा. उचललेली जाळी दिसली तर दुसऱ्याची वाट न बघता खाली करा. आणि माझ्यासाठी एवढेच करा, वर्षातून एकदा चिमण्यांच्या काड्या काढून मला पुसत जा. मात्र माझे तोंड आहे तसेच राहू द्या. मेळ्याकडे बघायला सगळे आहेत. तळ्याकडे मी बघतो.