संध्याकाळी काढून टाकणे

"काका, पाच मिनिटं झाली, एक रिपोर्ट उघडत नाहीये! बाहेरची माणसं माझ्या अंगावर येतायत!"

रक्ततपासणीच्या खिडकीवरून आलेला हा तिसरा फोन. सर्व्हरवाल्या काकांनी रिसीव्हर आपटला.

कपाटाएवढ्या एका सर्व्हरच्या पोटात इस्पितळाची अकरा आभासी मशिनं चालत. दहा सुरळीत होती. रिपोर्टांचं अकरावं तेवढं तीन आठवडे रखडत होतं. काकांनी त्याला मेमरी वाढवून दिली, प्रोसेसर वाढवून दिले; पालथ्या घड्यावर पाणी. मग त्यांनी सोपा मार्ग धरला. 'डेटाबेसचं काम अजागळ आहे,' असं साहेबांना लेखी कळवून मोकळे झाले.

ती डेटाबेसवाली आता दारात उभी होती.

"साहेबांनी चारला बोलावलंय. मला ठेवायचं की काढायचं, ते आज ठरणार."

"मग मी काय करू?"

"एकदा डिस्क बघा ना. प्रोसेसर रिकामा बसलाय काका, नुसती डिस्कची वाट बघतोय."

काका चिडले. तिचं म्हणणं बरोबर होतं म्हणूनच जास्त चिडले. तणतणत त्यांनी डिस्कच्या फायली उघडल्या. मूळ फायलीच्या खाली आणखी एक फाइल फुगून बसली होती. स्नॅपशॉट! मोठा बदल करण्याआधी मशीनची आहे ती स्थिती राखून ठेवतात आणि काम झालं की लगेच काढतात. राहून गेला, तर पुढचं सगळं त्या दुसऱ्या फायलीत साचत जातं आणि ती फार फुगली की दरवेळी दोन्हीकडे शोधताना मशीन रखडायला लागतं.

"कुठल्या गाढवानं ठेवलाय हा?"

त्यांनी नोंद उघडली. 'अपग्रेडआधी. संध्याकाळी काढून टाकणे.' खाली त्यांचंच नाव आणि आठ महिन्यांपूर्वीची तारीख.

त्या दिवशी तीनला शेजाऱ्यांचा फोन आला होता, वहिनी स्वयंपाकघरात पडल्यात म्हणून. काका स्क्रीन तशीच टाकून धावले होते. संध्याकाळी बायको गेली.

डेटाबेसवालीनं तारीख वाचली.

"त्या दिवशी तुमचा डबा इथंच राहिला होता," ती म्हणाली. "मीच धुऊन ठेवला. थोडं उरलं होतं त्यात. टाकताना कसंतरीच झालं."

आठ महिने काका रोज तोच डबा आणत होते. कोणी धुतला, हे त्यांनी कधी विचारलंच नव्हतं. त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली.

त्यांनी साहेबांना लिहिलं: 'चूक माझी आहे. आधीचं पत्र मागे घेतो.' पाठवण्याआधी स्क्रीन तिच्याकडे वळवली.

"कारण लिहा ना काका. साहेब समजून घेतील."

"नको. चारला मीही येतो तुझ्याबरोबर."

एकला खिडकी बंद झाली. काकांचा हात माउसवर क्षणभर थांबला, मग त्यांनी 'काढून टाका' दाबलं. आठ महिन्यांचं साचलेलं सगळं मूळ फायलीत मिसळू लागलं. हिरवी पट्टी एक टक्क्यावर आली आणि तिथंच रेंगाळली. डेटाबेसवालीनं खुर्ची ओढली.

"किती वेळ लागेल?"

"संध्याकाळ होईल," काका म्हणाले, आणि पट्टीकडे बघत बसून राहिले.