जपाणी

मराठीचं शुद्धलेखन तपासणारं एक फुकट सॉफ्टवेअर आहे. त्यात कुणीही सुधारणा पाठवाव्यात. त्या आत घ्यायच्या की नाही हे मेंटेनर ठरवतो. मेंटेनरचं पद कामातूनच मिळतं, असं तिथे ठळक अक्षरांत लिहिलेलं आहे. पावणे गावच्या भाविका नावाच्या मुलीने या ओळीवर तीन वर्षं विश्वास ठेवला होता. आता ती ओळ दिसली तरी तिला शिसारी येई.

मेंटेनर व्हायचं होतं ते एकाच कारणासाठी. आईच्या, म्हणजे सरस्वतीच्या, तोंडचे आगरी शब्द तिने जमवून पाठवले होते. पानी, लोनी, कनीस, असे दोनशे बारा. सॉफ्टवेअर त्यांच्याखाली लाल रेघ मारायचं. यादी दीड वर्षं पडून होती, कारण ती बघायला कुणालाच सवड नव्हती.

दरम्यान तिने जोडाक्षरं फुटण्याचा जुना बिघाड शोधून काढला. चार महिने डोळे फोडले. प्रकल्पाचे प्रमुख, वाशीचे नंदकिशोर सर, यांच्या लेखी ती झाली एक सुधारणा. नुकत्याच इंजिनियर झालेल्या केयूरने मदतीच्या पानांवर राहून गेलेले पूर्णविराम दिले, आणि शहाण्याने एकेक पूर्णविराम वेगळा पाठवला. त्या झाल्या चौसष्ट. त्याला पद हवं होतं नोकरीच्या अर्जात लिहायला, आणि हे तो लपवतही नव्हता. मेंटेनर केयूर झाला.

"आकडे बोलतात गं," सर फोनवर म्हणाले. "आणि तुझी यादी तोच मार्गी लावतोय. टेन्शन नको घेऊस."

लावली, दुसऱ्याच दिवशी. पण आत घेण्याआधी त्याने ती शुद्ध केली. पानीचं पाणी, लोनीचं लोणी. कोशात आधीपासून असलेले शब्दच पुन्हा घातले आणि खाली भाविकाचे जाहीर आभार मानले. एवढ्यावर थांबला तर तो केयूर कसला. 'पानी' दिसेल तिथे 'पाणी' करा, असा हुकूम त्याने सगळ्या कोशाला सोडला. सकाळपासून लोकांच्या संगणकावर 'जपानी' चूक ठरू लागलं. बरोबर शब्द म्हणे 'जपाणी'.

संध्याकाळी सरांचा फोन आला. "जरा निस्तर ना लगेच. केयूरचा इंटरव्ह्यू आहे. असंच काम करत राहा, पुढच्या खेपेला तुझं नाव नक्की."

त्या गोड आवाजाची तिला किळस आली. त्याहून जास्त स्वतःची आली, कारण फोन ठेवायच्या आत तिने लॅपटॉप उघडलासुद्धा होता.

सरस्वती भाजी निवडत बसली होती. "आपले शब्द घेतले ना गो त्यानी?"

"घेतले, आय. धुवून घेतले."

सरस्वतीचा हात थांबला. "का? मळके होते का?"

भाविकाने लॅपटॉप मिटला. जपाणी तसंच राहिलं.