दुबईचा प्लग कापला, त्याची गोष्ट

मित्रांनो, मी एक जुने विजेचे गिरमिट आहे. तुम्ही मला ड्रिल म्हणाल. दिसायला मी एवढेसे, पण आवाज मात्र घरभर करते.

बीरानकोयाने मला दुबईच्या बाजारात विकत घेतले. तिथल्या एका कारखान्यात तो कपाटांना बिजागऱ्या बसवत असे. माझ्या वायरीला तीन जाड, चौकोनी पायांचा प्लग होता आणि तिथल्या भिंतींना तशीच चौकोनी भोके. साऱ्या जगातल्या भिंती अशाच असणार, असे मला वाटे. मग कारखाना बंद पडला आणि बीरानकोयाच्या कपड्यांत गुंडाळलेले मी केरळात, बेपूरला, त्याच्या घरी आले. इथे पाहते तर भिंतीची भोके गोल! मी चक्रावलेच.

बीरानकोयाचे वडील, म्हणजे उप्पा, पूर्वी मोठी लाकडी गलबते बांधत. आता ते हातभर लांबीची गलबते करतात, पण एकही खिळा ठोकत नाहीत. फळ्यांच्या काठाला बारीक भोके पाडून त्या काथ्याच्या दोरीने शिवतात. लाकूड शिवलेले तुम्ही कधी पाहिले आहे का? मी तर पाहतच राहिले. पण उप्पांचे हात आता थरथरत आणि भोक पाडताना फळी चिरे. म्हणून सगळ्यांची भिस्त माझ्यावर होती.

प्लग बदलायला कितीसा वेळ लागतो? पण बीरानकोया ऐकेना. रस्त्यात जो भेटे तो विचारी, "कधी आलास? परत कधी?" आणि हा सांगे, "पुढच्या महिन्यात." मग दुबईला जाणाऱ्या यंत्राचा प्लग कसा कापायचा? त्याने एक अडॅप्टर आणला. माझा जड प्लग त्यात लोंबकळे आणि मी मध्येच बंद पडे.

"इक्का, कापा की तो एकदाचा," त्याची बायको कदीशा म्हणाली. ती नवऱ्याला इक्का म्हणे.

"आणि तिकडे गेल्यावर? तिकडच्या भिंतीत हाच बसतो."

"भिंत आहे हो तिकडं. नोकरी कुठंय?"

तो तरातरा बाहेर निघून गेला. मला त्याचे फार वाईट वाटले.

एका सकाळी उप्पांनी गलबताच्या नाळेची, म्हणजे पुढच्या टोकाची, वाकवलेली फळी धरली होती. मी अर्ध्या भोकात असताना अडॅप्टर चरचरला, धूर निघाला आणि मी अडकले. बीरानकोयाने मला हिसका दिला, तशी फळी उभी चिरली. ती वाकवायला उप्पांनी किती खटपट केली होती! ते ओरडले नाहीत.

"राहू दे," ते म्हणाले. "मीच पाडतो हातानं." आणि थरथरत्या हाताने ते दुसरी फळी शोधू लागले.

बीरानकोयाला ते बघवेना. तो बाजारात जाऊन गोल पायांचा प्लग घेऊन आला. मला भिंतीपासून वेगळे करून त्याने पक्कडीने जुना प्लग कापला. आत काय असेल याची मला केवढी उत्सुकता! निघाल्या दोनच वायरी, एक तपकिरी आणि एक निळी.

"तिसरी कुठंय?" कदीशा म्हणाली. "फसवलं बघा तुम्हाला दुकानदारानं!"

"अगं, ही खूण बघ. चौकोनात चौकोन. याला दुहेरी आवरण आहे, तिसरी, अर्थिंगची, लागतच नाही."

खूण माझ्याच पोटावर होती आणि मलाच तिचा पत्ता नव्हता! त्याने दोन्ही वायरी आपापल्या स्क्रूखाली घट्ट बसवल्या.

"जुना ठेवू का जपून?" कदीशाने विचारले.

"नको. त्याची ही उघड्या तारांची शेपटी कुणी भिंतीत खुपसली तर जीव जाईल."

"आणि तुमचं जायचं?"

त्याने प्लगचे झाकण बसवून स्क्रू पिळला. मग म्हणाला, "मला कुणी बोलावलेलंच नाही, कदीशा. पुढच्या महिन्यातही नाही."

आतून उप्पांचा आवाज आला, "मग बसलायस काय? ये, फळी धर!"

मित्रांनो, दूरच्या मुलखातले यंत्र घरी आले, तर त्याच्या पोटावर काय लिहिले आहे ते आधी वाचा आणि जाणत्या माणसाकडून त्याला इथला प्लग बसवून घ्या. त्याला लोंबकळत ठेवू नका. आपण कुठे राहायचे हे एकदा कळले, की आम्ही मन लावून काम करतो.